टिचकी मारून थांबणारे सर

आमच्या सरांना दारावर टिचकी मारायची खोड होती, आणि टिचकी मारून तिथेच थांबायची त्याहून मोठी खोड होती. नखानं दोनदा टक् टक्, मग मनातल्या मनात पाचपर्यंत आकडे, मग आतून कोणी 'या' म्हटलं तरच पाऊल आत. दार सताड उघडं असलं तरी तेच. प्राचार्य समोर बसलेले दिसतायत, दोघांची नजरानजर झालीय, तरी हे चौकटीवर टिचकी मारून उभे. प्राचार्य वैतागून म्हणायचे, "अहो या ना बाप्पा, दिसून राह्यले तुम्ही मला!" तेव्हा कुठे सर आत शिरायचे. आणि शिरले की बसायचे नाहीत. टेबलाभोवती फेऱ्या मारत बोलायचे, प्राचार्यांची मान फिरून फिरून दुखायची.

सरांना बसताच येत नसे. चहा चालता चालता, मस्टरवर सही चालता चालता. वर्गात दारापासून खिडकीपर्यंत नुसत्या येरझारा. पोरं म्हणायची, एक तास शिकवला की सर लोहाऱ्याला पायी जाऊन येतात. मला तर त्यांच्याकडे पाहूनच दम लागायचा. मी मुळातच उतावीळ, तोंडाची फाटकी. त्यात हा साहेब असा. आमचं जमणं शक्यच नव्हतं.

यवतमाळचं ते औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज. इमारतीच्या मागं एक लांबट खोली, खिडक्यांना काळे पडदे, आत पिंजऱ्यांच्या रांगा आणि पिंजऱ्यांत पांढरे उंदीर. मी तिथे सहायक म्हणून लागले. पिंजरे धुवायचे, खाणं-पाणी द्यायचं, खाली अंथरलेला लाकडाचा भुसा बदलायचा. सर उंदरांना उंदीर म्हणत नसत, 'मंडळी' म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "या बांगड्या वाजतात का?"

मी म्हटलं, "बांगड्या आहेत सर, वाजणारच."

"काढू नका. रुमाल बांधा वरून. मंडळींना त्रास होतो."

मला असा राग आला! उंदरांना माझ्या बांगड्यांचा त्रास! घरी जाऊन मी आईला म्हटलं, हा माणूस सटकलेला आहे. पण दुसऱ्या दिवसापासून दोन्ही मनगटांना रुमाल बांधून गेले. नोकरी होती ना.

पिंजऱ्यालाही तेच. झाकण उघडण्याआधी कडेला दोन टिचक्या, पाचपर्यंत थांबायचं, मग हात आत. मी घाईघाईनं तीनपर्यंतच मोजायचे. सर खोलीच्या दुसऱ्या टोकाला येरझारा घालत असायचे, पाठ माझ्याकडे, तरी म्हणायचे, "दोन राहिले." त्यांच्या बायकोला, काकूंना, मी एकदा विचारलं, घरी कसे राहतात हो हे? त्या हसून म्हणाल्या, "अगं, लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून स्वयंपाकघराच्या दारावर टिचकी मारून उभे राहतात. मी पोळी लाटत असते. 'या' म्हणायला विसरले तर उपाशी राहतील."

दर महिन्याला सर बाजारात फडा घ्यायला जायचे. फडा म्हणजे आमच्याकडचा शिंदीचा झाडू. दहा-बारा झाडू हातात घेऊन प्रत्येकाची एकेक काडी स्वतःच्या मिशीवरून फिरवून बघायचे, डोळे मिटून. भर बाजारात! मी बरोबर असले की लाजेनं मेल्यासारखी व्हायचे. दुकानदार एकदा म्हणाला, "सर, झाडू घेऊन राह्यले का पोरगी पाहून राह्यले?" सर गंभीरपणे म्हणाले, "काडी मऊ पाहिजे. टोचली तर सगळं फुकट." तो बिचारा हसायचंच विसरला.

ती काडी कशाला, ते मला महिनाभरानं कळलं. सरांचं संशोधन होतं डोक्याला मार लागल्यानंतरच्या त्रासावर. काही उंदरांना भूल देऊन डोक्यावर मोजून मापून मार द्यायचा, काहींना नुसतीच भूल, मार नाही. वरून बघितलं तर दोन्ही सारखेच. खातात, पितात, पळतात. मग सर ती मऊ काडी त्यांच्या मिशांवरून हळूच फिरवायचे आणि मी वहीत लिहायचे, कोण दचकला, कोण गोठून बसला, कोण काडीला चावला. धडधाकट उंदीर पहिल्या दिवशी दचकायचा, दुसऱ्या दिवशी जरा कमी, तिसऱ्या दिवशी काडी फिरत असतानाच पेंगायचा. मार लागलेला रोज पहिल्यासारखाच दचकायचा. आठवडे गेले की उलट जास्तच. नुसता मऊ स्पर्श, पण तो थरथरायचा, कोपऱ्यात अंग चोरून बसायचा, ओरडायचा.

"सवय व्हायलासुद्धा डोकं शाबूत लागतं," सर म्हणायचे. "याची सवयच तुटली आहे. याला प्रत्येक वेळ पहिली वेळ."

मार द्यायचं काम सर दुसऱ्या कोणाला करू देत नसत. त्या दिवशी ते जेवत नसत आणि दुप्पट चालत. मला राहवलं नाही. मी एकदा तोंडावरच विचारलं, "सर, मारता पण तुम्हीच आणि बांगड्यांचा त्रास होतो म्हणून लाड पण तुम्हीच करता. हे काय आहे?"

मला वाटलं आता नोकरी गेली. सर खिडकीपर्यंत गेले, परत आले. "हो," म्हणाले. एवढंच.

त्याच सुमारास माझा दादा गाडीवरून पडला.

ते दिवस कापसाचे वाईट होते. भाव येईल, भाव येईल म्हणून आमच्या कळंबकडच्या गावात घराघरांतून कापूस आढ्यापर्यंत रचलेला. ज्यांनी विकायला काढला त्यांच्या बैलगाड्या खरेदी केंद्राबाहेर दिवस दिवस रांगेत. दादा रांगेत गाडीवर चढून दोर आवळत होता. दोर तुटला आणि तो मागच्या मागं उताणा. डोकं रस्त्यावर. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, डोक्याचे फोटो काढले, फोटोत काही निघालं नाही. दादा चालत घरी आला. आईनं नारळ फोडला.

पण महिना-दीड महिन्यात माझा दादा दादा राहिला नाही. आधी आवाज सहन होईना. ताटात वाटी ठेवली तरी दोन्ही कान दाबायचा. मग उजेड. मग कोणी अंगाला हात लावलेला. जो माणूस बैलाला कधी काठी दाखवत नव्हता, तो आईचा हात झिडकारायला लागला. आणि आई तर जास्तच माया करणार. तिनं घरातला सगळ्यात चांगला कापूस पिंजून घेतला, त्याच्यासाठी नवी मऊ गादी भरली, रोज डोक्यावर तेल थापायची. शेजारणी येऊन पाठीवरून हात फिरवायच्या. कोणी म्हणालं दारू प्यायला लागला, कोणी म्हणालं बाहेरचं लागलं. एका बाबानं तर कानाजवळ डफ वाजवला. दादा डोकं भिंतीवर आपटायला धावला.

मग एक दिवस त्याच्या सहा वर्षांच्या पोरीनं, चिमीनं, मागून येऊन त्याच्या केसांत बोटं घातली. रोजची तिची सवय. दादानं फाडकन तिच्या तोंडात मारली. पोरीच्या ओठातून रक्त आलं.

वहिनी ढाणकीची. तिनं पिशवी भरली. आई पाया पडायला लागली तेव्हा म्हणाली, "पोयापोतर पाहतो मी. पोट्टीवर पुन्हा हात उठला तं ढाणकीले चालली. मग कोणी आणायले येऊ नका." पोळ्यापर्यंतची मुदत देऊन पिशवी भरलेली तशीच दाराशी ठेवली. येता-जाता सगळ्यांना दिसायची. दादालाही.

मी हे कॉलेजात कोणाला सांगितलं नव्हतं. घरातलं चव्हाट्यावर कशाला? मनातून मी दादावरच चिडले होते. फोटोत काही नाही, अंगावर जखम नाही, आणि लेकराला मारतो!

चैत्रात आरा मशीन बंद पडली, भुसा मिळेना. सर नागपूरला गेले होते. पिंजरे घाण झालेले. मी म्हटलं, घरी आढ्यापर्यंत कापूस पडला आहे, त्यातलं एक पोतं आणू. भुशापेक्षा मऊ. आणि माझी अक्कल बघा, धडधाकट उंदरांना तसंच ठेवलं आणि फक्त मार लागलेल्यांच्या पिंजऱ्यांत कापूस भरला. बिचाऱ्यांना डोक्याला लागलंय, जरा उबेत राहू दे. पिंजरे कसे गुबगुबीत दिसायला लागले. मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

चार दिवसांनी सर आले. टिचकी मारली, पाचपर्यंत थांबले, झाकण उघडलं. आतला उंदीर फांदीवरच्या पानासारखा थरथरत होता. छातीवरचे केस त्यानं स्वतःच ओरबाडून काढले होते. शेजारच्या पिंजऱ्यात दोघांनी एकमेकांना फाडलेलं. एकाही पिंजऱ्यात कोणी झोपलेलं नव्हतं.

सरांनी सगळ्या पिंजऱ्यांतला कापूस काढला. मग एक धागा बोटांत धरून माझ्यासमोर आले. टेबलावर दोन टिचक्या मारल्या.

"लावू?"

मला काही कळेना. म्हटलं, "लावा."

तो कापसाचा धागा त्यांनी माझ्या वरच्या ओठावरून फिरवायला सुरुवात केली. हलका, अगदी हलका. नाकाखालून, गालावरून, कानाच्या पाळीवरून, परत ओठावर. मिनिटभर मी हसत होते. मग हसू थांबलं. मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्यांचा हात जोरात झटकून टाकला.

"तुमचं डोकं शाबूत आहे, तरी," सर म्हणाले. "मंडळींना हे चार दिवस, चोवीस तास. पळायला जागा नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसले. रुमाल बांधलेले हात माझ्यासमोर होते. गादी दिसली, आईचा तेलाचा हात दिसला.

"सर," मी म्हटलं, "आम्ही माझ्या दादाले कापसाच्या गादीवर निजवलं आहे."

आणि मी सगळं बोलून टाकलं. चालणारे सर जागच्या जागी उभे राहिले. टिचकी न मारता त्यांना असं थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी ते माझ्याबरोबर गावी आले. कळंबच्या बसमध्ये जागा असून उभे. नंतर गावापर्यंतचा रस्ता असे चालले की मला पळावं लागलं. दादा गोठ्याला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत राहायला गेला होता. दार उघडंच होतं. सरांनी चौकटीवर दोन टिचक्या मारल्या आणि थांबले. आई कुजबुजली, "जा ना आत, त्याले काय विचारता?" सर हलले नाहीत. आतून काहीच येईना. मग बऱ्याच वेळानं दादाचा आवाज आला, "या."

कित्येक महिन्यांत माझ्या भावाला कोणी काही विचारलं नव्हतं, हे मला तेव्हा उमगलं. आम्ही नुसते त्याच्यावर तुटून पडलो होतो, मायेनं.

सरांनी आईला बाहेर येऊन सांगितलं, "मी डॉक्टर नाही. नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. माणसांचं मला कळत नाही, उंदरांचं थोडं कळतं. गादी काढा, साधी सतरंजी द्या. मागून हात लावू नका. दोन टिचक्या मारा, तो हो म्हणाला तरच जवळ जा. नाही म्हणाला तर परत या, रुसू नका."

"पोटच्या पोराले विचारून हात लावू?" आई म्हणाली.

"हो."

"बरा होईन का तो?"

सर अंगणात एक फेरी मारून आले. "मला माहीत नाही, आई. माझे उंदीर दोन महिन्यांच्या पुढे जगत नाहीत." मग म्हणाले, "मी जगू देत नाही."

 वहिनी दाराशी उभी होती, पिशवीजवळ.

प्रयोग संपतो त्या दिवशी सगळे उंदीर संपवायचे, मेंदू तपासायला. नियमच तो. त्या उन्हाळ्यात तो दिवस आला. मी सवयीनं पहिल्या पिंजऱ्यावर टिचकी मारायला गेले तर सरांनी मनगट धरलं, रुमालावरून. त्यांनी मला न विचारता हात लावण्याची ती एकच वेळ.

"आज टिचकी नाही," ते म्हणाले. "टिचकी मारली की त्यांना वाटतं काही वाईट होणार नाही."

आम्ही टिचकीशिवाय सगळं केलं. शेवटचा पिंजरा राहिला. त्यातला उंदीर सगळ्यांत जास्त दचकणारा, ज्यानं छातीचे केस ओरबाडले होते तोच. सर त्याच्यासमोर इतके फिरले, इतके फिरले, की मी म्हटलं आता फरशीला खड्डा पडतो. शेवटी खिशातून कागद काढून त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीला अर्ज लिहिला. या एका प्राण्याला मुदतवाढ मिळावी. कारणाच्या जागी लिहिलं, 'बरा होतो का, हे पाहणे.' नियमाबाहेर जाणारा माणूस नव्हता तो. अर्ज गेला, उत्तर आलंच नाही. सर म्हणायचे, "उत्तर येईपर्यंत आपण काय करणार?" आणि पोस्टमन दिसला की मागच्या दारानं निघून जायचे.

तेव्हापासून रोज दोन टिचक्या, पाच आकडे, आणि तळहात पिंजऱ्यात उघडा. रोज मी विचारायचे, "काय सर?" रोज तेच, "दचकला." मी दर रविवारी गावी जायचे आणि वहिनी विचारायची, "तुमचा उंदीर काय म्हणते?" मी म्हणायचे, दचकला. चिमी तिकडे दादाच्या खाटेवर टिचकी मारून पाच मोजायची. दादा म्हणायचा, "नको." पोरगी परत यायची. मारत नव्हता, एवढंच. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळ लागेल म्हटलं. पेरणी झाली, कपाशीची पऱ्हाटी गुडघ्याएवढी झाली, पिशवी दाराशीच.

पोळ्याला चार दिवस उरले आणि सरांनी मला हाक मारली. चक्क ओरडून, प्राणिगृहात! मी धावले. उंदीर त्यांच्या तळहातावर बसला होता, मिशा बोटांना लावून. आपणहून आला होता. सरांचा हात स्थिर आणि बाकी सगळं अंग कापत होतं.

मी त्यांना म्हटलं, "वहिनीला हे दिसायला पाहिजे."

नियमात बसत नव्हतं, ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी ते आमच्या अंगणात उभे होते, काळ्या कापडात गुंडाळलेला पिंजरा घेऊन. आणि आले कसे? बसमध्ये बसून! पिंजरा हलू नये म्हणून कळंबपर्यंत मांडीवर धरून, जागचे न हलता. काकूंना हे सांगितलं तर खरं वाटणार नाही.

तो दिवस खांदशेकणीचा. वर्षभर जू ओढून दुखलेले बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद लावायची आणि त्यांना उद्याचं जेवण सांगायचं. दादा गोठ्यात होता. त्यानं पांढऱ्या बैलाच्या खांद्यावर हळदीचा हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

सर एकदम म्हणाले, "हे बघा! तुमच्याकडे तर विचारतातच!"

मग गोठ्यातच बसले सगळे, आई, वहिनी, चिमी. सरांनी कापड काढलं. दोन टिचक्या मारल्या. पाच मोजले. तळहात आत ठेवला.

उंदीर कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता.

सरांनी हात काढला, पुन्हा टिचकी, पुन्हा पाच. पुन्हा. उंदीर दात विचकून मागं सरकला. मी वहिनीकडे पाहिलं. ती दाराकडे बघत होती.

"आला होता," सर म्हणाले.  "तीन दिवस रोज आला. शपथ सांगतो. यांनी पाहिलंय." आणि पिंजरा उचलून ते खांबाकडे तोंड करून उभे राहिले.

"असू द्या सर," दादा म्हणाला. "बसनं आणलं, घाबरला अशीन. रोज नाई जमत त्याले." मग जरा थांबून खाली बघत म्हणाला, "परवा मले जमलं होतं."

 चिमी म्हणाली, "व्हय. बाबा 'ये' म्हणाले. मी केसाले हात लावला. मारलं नाई."

वहिनीनं पदर तोंडाशी नेला. "मले काहून नाई सांगतलं?"

"दुसऱ्या दिवशी नाई जमलं तं?" दादा म्हणाला. "काल नाईच जमलं. तू आस लावून बसली असती."

"तं बसू द्या ना मले!" वहिनी ओरडली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला, आवाजाचा त्याला त्रास होतो म्हणून. उठली, आत गेली. थोड्या वेळानं मी डोकावले तर पिशवी रिकामी होऊन खुंटीला लटकत होती आणि ती साड्या दांडीवर टाकत होती.

मी गोठ्यात परतले तेव्हा सर अजून खांबाकडेच तोंड करून होते. दादा हळूहळू त्यांच्यामागं गेला. मग थबकला आणि फिरून त्यांच्या बाजूला, त्यांना दिसेल असा उभा राहिला. लाकडी खांबावर नखानं दोन टिचक्या मारल्या आणि थांबला.

सरांनी आधी दाराकडे पाहिलं, कोण आलं म्हणून. त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांच्यासाठी कोणी टिचकी मारलीच नव्हती.

"लावू का हात?" दादानं विचारलं.

सरांचे ओठ हलत होते. पाचपर्यंत मोजत असावेत. मग म्हणाले, "लावा."

पोळ्यानंतर कॉलेज उघडलं तेव्हा सर तोच शर्ट घालून आले. खांद्यावर पाच बोटांचा हळदीचा डाग तसाच. मी म्हटलं, "सर, धुवायला द्या तो, निघतो अजून." सर म्हणाले, "राहू द्या," आणि चालायला लागले.